क्लच त्यांचा, गियर माझा

“काढ.”

मी दांडा ओढून मोकळा केला. यांनी क्लच सोडला, रेस केली, परत क्लच दाबला.

“घाल.”

मी घातला. म्हणजे घालायला गेले. आतून करर्र करून असा आवाज आला की माझे दात शिवशिवले. दांड्यानं तळहाताला हिसडा दिला आणि चिऱ्यांनी भरलेली गाडी फोंड्याच्या घाटात, ऐन चढावर, जागच्या जागी उभी राहिली. मग हळूच मागं सरकायला लागली.

“उतर. दगड लाव,” हे म्हणाले. ओरडले नाहीत. ब्रेकवर पाय रोवून आरशात बघत बसले.

मी नऊवारीचा काष्टा सावरत उडी टाकली, कडेचा एक दगड उचलला आणि मागच्या चाकाला लावला. परत वर चढले, पहिला गियर घातला, गाडी हलली. हुश्श म्हणून मी पदरानं तोंड पुसतेय, तर हे म्हणाले, “दगड?”

“दगडाचं काय?”

“रस्त्यात ऱ्हायला. मागनं येणाऱ्याचं चाक त्यावर गेलं तर तो दरीत जाईल. जा, उचल.”

“मग गाडी थांबवा की.”

“चढावर आता थांबत न्हाई. पळ.”

आणि मी पळाले. दगड गटारात ढकलला आणि पहिल्या गियरमध्ये बैलासारख्या चाललेल्या गाडीच्या मागं, अनवाणी, धापा टाकत चढ चढले. सत्तावीस वर्षांची होते. वरून येणाऱ्या एसटीतली माणसं खिडकीतनं माना काढून बघत होती. हे आरशात बघून हसत होते, ते मला खालूनसुद्धा दिसलं. नऊ वर्षांच्या संसारात त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

हे सगळं का चाललं होतं ते सांगते. आमचे हे, महिपती, ट्रक चालवायचे. घाटावर आमच्याकडच्या कारखान्यावरून साखर भरायची, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरून कोकणात द्यायची आणि येताना चिऱ्याचा दगड घेऊन वर यायचं. त्या साली श्रावणात माल उतरवताना गाडीचा फाळका, म्हणजे मागची लाकडी झडप, त्यांच्या डाव्या मनगटावर पडली. हाडवैद्यानं हाड बसवलं, पण मुठीत जोर येईना. पाण्याचा तांब्यासुद्धा सुटायचा. उजव्या हातानं स्टिअरिंग सांभाळता येत होतं, पण गियरचा दांडा पडतो डाव्या हाताला. आणि त्या जुन्या गाडीचा गियर म्हणजे काय लोण्यात सुरी घालायची नव्हती. दोनदा क्लच मारून, मध्ये रेस देऊन, इंजिनचा सूर जमला तरच तो आत जायचा. नाहीतर हिसडा ठरलेला.

मालकाला कळलं असतं तर गाडी दुसऱ्याच्या ताब्यात गेली असती. ड्रायव्हरची गाडी एकदा गेली की परत मिळणं कठीण. जुना क्लीनर सोडून गेला होता आणि नवा घेतला तर तो चार दिवसांत कारखान्याच्या फाटकावर बोंब मारणार, कारण क्लीनरच्या तोंडाला काही फाळका नसतो. घरात तोंड बंद ठेवणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे मी. त्या गाडीत इंजिन ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधे होतं, त्यावर पत्र्याचं झाकण. त्या झाकणावर वाकळ टाकून मी बसले की गियरचा दांडा बरोबर माझ्या उजव्या हाताशी यायचा. क्लच त्यांचा, गियर माझा. दोघांत मिळून एक ड्रायव्हर.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आधी ऐकेनात. “बाई गाडीवर? लोक श्यान घालतील तोंडात,” म्हणाल्या. मग दोन दिवस गप्प बसल्या आणि तिसऱ्या दिवशी मला देवघरात बोलावलं. भैरोबाच्या अंगाऱ्यावर माझा हात ठेवला.

“त्याचा हात सुधारंस्तवर जा. शालनीला मी बघतो. पर हात सुधारला की त्याच दिवशी घरात. बोल.”

“त्याच दिवशी, आत्याबाई,” मी म्हणाले. शालन आमची मुलगी, सहा वर्षांची. गाडी आठवड्यातून दोनदा आमच्या दारावरनंच जायची, तेव्हा तिची भेट व्हायची. तरी निघताना ती माझा पदर सोडायची नाही आणि मला उगाच कठोर व्हावं लागायचं.

शिकायला मला दीड महिना लागला. आधी माळावर रिकाम्या गाडीत, मग सपाट रस्त्यावर, मग घाटात. हे काही शिकवणारे मास्तर नव्हेत. “काढ” आणि “घाल” एवढेच दोन शब्द. चुकलं की खालच्या आवाजात म्हणायचे, “ऐक. गाडी काय म्हणतीया ते ऐक.” मी म्हणायचे, “मला तर ती शिव्या देतीया असं वाटतंय.” पण हळूहळू कान बसला. चढावर इंजिनचा आवाज आधी जाड होतो, मग दमल्या माणसासारखा तुटक होतो. तुटक व्हायच्या आत गियर खाली आणायचा, झाल्यावर नाही. झाल्यावर आणायला गेलं की आहेच मग दगड आणि पळापळ. आणि उतरताना उलटं. ज्या गियरमध्ये घाट चढतो त्याच गियरमध्ये उतरायचा. मोठा गियर टाकून ब्रेकच्या भरवशावर उतरणारा ड्रायव्हर एक ना एक दिवस दरीतच भेटतो, असं हे म्हणायचे.

कार्तिक लागेपर्यंत शब्दांची गरज उरली नाही. त्यांचा डावा गुडघा हलला की माझा हात दांड्यावर गेलेला असायचा. क्लच खाली, दांडा मोकळा. क्लच वर, रेस. क्लच खाली, दांडा आत. लोणी. एका वळणावर आम्ही तीन गियर असे बदलले की आवाजसुद्धा झाला नाही, तर यांनी माझ्याकडं बघून नुसती भुवई उडवली. मला दागिना केल्यासारखा आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

सकाळी निघताना त्यांच्या मनगटाला मी चामड्याचा पट्टा आवळून बांधायचे. “दुखतंय?” विचारलं की म्हणायचे, “हाय जरा.” मग दिवसभर तो हात मांडीवर ठेवलेला असायचा.

आणि बोलायचे किती. घरी आम्ही दोघं कधी बोललोच नव्हतो. आत्याबाई, दीर, जावा, येणारं-जाणारं. नवरा-बायकोनं बोलायचं म्हणजे मीठ वाढताना “घालू का?” आणि “बास,” संपलं. गाडीत मात्र इंजिनच्या आवाजावर आवाज चढवून ते मला काय काय सांगायचे. लहानपणी नदीत बुडता बुडता कसे वाचले. लग्नात मला बघून कसे घाबरले, कारण मी त्यांच्यापेक्षा बोटभर उंच निघाले. घाटाच्या प्रत्येक वळणाला त्यांनी नाव ठेवलेलं. एक वळण ‘सासू’, कारण ते आधी गोड बोलतं आणि मग एकदम आवळतं. माथ्यावर पोचलं की झाडाखाली गाडी लावायची, भाकरी सोडायची. खालून कोकणातला वारा यायचा. हे माझ्या भाकरीवर चटणी ठेवायचे, आपल्या हातानं. घरी असं केलं असतं तर जावांनी वर्षभर चेष्टा केली असती.

चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, “वहिनी कुठं?” तर आमचं ठरलेलं उत्तर होतं. “कुणकेश्वराला नवस हाय.” फोंड्याचा टपरीवाला भिसाजी पाच-सहा वेळा ऐकून म्हणाला, “आता देव तुमका नावान हाक मारीत असतलो.” हे चहाचा घोट तोंडात घेऊन हसले आणि तो नाकातनं आला.

मी मनातल्या मनात काय मागत होते ते आज सांगायला हरकत नाही. त्यांचा हात बरा होऊ नये असं मी मागितलं नाही. तेवढी वाईट नव्हते. सावकाश बरा होऊ दे, असं मात्र मागितलं.

फाल्गुनातली गोष्ट. शिमगा आठवड्यावर आला होता. साखर भरून आम्ही दुपारी दाजीपूर सोडलं. माथ्यावर दुसरा गियर घातला आणि उतार लागला. ऊन मऊ होतं, जंगलात कुठंतरी करवंदीला फूल आलेलं, वास येत होता. हे मला सांगत होते, शालनीला यंदा शाळेत घालायचं, आणि तिला आपल्यासारखं चौथीत सोडायचं नाही. मी हसून “व्हय” म्हटलं, आणि तेवढ्यात त्यांचा डावा गुडघा हलला.

दाजीपूरच्या जंगलात गवे, आणि गव्यांबरोबर गोमाश्या. सुईसारख्या चावतात. त्यातली एक यांच्या पोटरीला चावली, पाय उडाला आणि क्लचवर आदळला. त्यांना गियर बदलायचाच नव्हता. पण माझ्या हाताला पाच महिन्यांची सवय. गुडघा हलला, क्लच खाली गेला, मी दांडा ओढला. गाडी मोकळी झाली.

“काय केलंस?” हे म्हणाले.

भरलेली गाडी उतारावर गियरमधनं सुटली की कशी धावते ते सांगून कळणार नाही. आधी काहीच होत नाही. इंजिनचा आवाज पडतो, एकदम शांत वाटतं, वाऱ्याचा आवाज ऐकू येतो. मग झाडं पळायला लागतात. यांनी ब्रेक दाबला, गाडी थोडी आवरली, परत निघाली. क्लच मारून रेस दिली. “घाल. तिसरा घाल.” मी जोर लावला. करर्र करून दांडा परत आला. पुन्हा रेस, पुन्हा “घाल”, पुन्हा हिसडा. माझं मनगट बधिर झालं. जळक्या ब्रेकचा वास केबिनमध्ये आला. समोर वळण दिसत होतं, चुना लावलेला कठडा, आणि कठड्यापलीकडं नुसतं आभाळ.

माझ्या डोळ्यांपुढं शालन आली. आई आणि बाप दोघं एकाच गाडीत, हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात माझ्या हातावर हात पडला. डावा हात, पट्ट्यासकट. इंजिन किंचाळलं आणि त्या हातानं माझी बोटं दांड्यावर चेचून असा काही रेटा दिला की गियर खट्‌दिशी आत बसला. गाडीला आचका बसला, मागं पोती हलली. उजव्या हातानं यांनी वळण काढलं. कठडा माझ्या खिडकीजवळनं गेला. पुढच्या सरळ तुकड्यावर ब्रेक मारत मारत, परत त्याच हातानं, दुसरा गियर घातला. मला काढायलासुद्धा सांगितलं नाही. मग गाडी घुं घुं करत, आज्ञाधारक म्हशीसारखी, घाट उतरायला लागली.

खाली फोंड्याला पोचेपर्यंत मी त्या डाव्या हाताकडंच बघत होते. तो हात परत मांडीवर जाऊन बसला होता.

भिसाजीच्या टपरीपुढं गाडी लावली. चाकांतनं धूर येत होता. हे खाली उतरायला लागले तसं मी म्हटलं, “बसा. हात द्या इकडं.”

त्यांनी दिला. मी पट्टा सोडला. मनगट चांगलं जाडजूड, पट्ट्याखालची कातडी तेवढी पांढरी पडलेली. मी माझी दोन बोटं त्यांच्या मुठीत घातली.

“दाबा.”

“कशाला?”

“दाबा म्हणतो न्हवं.”

त्यांनी दाबली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दुखल्यामुळं.

“कवा बरा झाला?”

ते बाहेर बघत म्हणाले, “दिवाळीच्या आधी आठ दिवस.”

दिवाळी ते शिमगा. चार महिने मी रोज सकाळी बऱ्या हाताला पट्टा बांधत होते.

“मग बोलला का न्हाईसा?”

“बोललो असतो तर तू घरी गेली असतीस.”

मला आधी काय वाटलं सांगू? पोटातनं एकदम काहीतरी गोड वर आलं. असं माझ्यासाठी कुणी कधी खोटं बोललं नव्हतं. आणि लगेच त्याच्या मागनं शालन आली, पदर धरून रडणारी, आणि अंगाऱ्यावरचा माझा हात आला. पोरीला मी चार महिने सांगत होते, बाबांचा हात दुखतोय बाळ, म्हणून जावं लागतंय. आज दोघं कठड्यावरनं गेलो असतो तर तेच खोटं तिला आयुष्यभर पुरलं असतं.

“मी एसटीनं घरी जातो,” मी म्हटलं.

“हौसा.”

“बोल दिलाय मी आत्याबाईंस्नी.”

“कुणाला कळतंय?”

“मला कळलंय न्हवं आता.”

त्यांनी पट्टा उचलला, त्याची गुंडाळी केली, परत उलगडली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “एकट्याला घाटात करमत न्हाई मला.”

नऊ वर्षांत त्यांनी मला सांगितलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही होती. मी ती नीट ऐकली. तरी पिशवी घेतली आणि उतरले. साडेतीनची एसटी समोरच उभी होती. तिथनं मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर गेले नसते, म्हणून.

तिन्हीसांजेला घरी पोचले. शालन अंगणात होती. “बाबांचा हात बरा झाला?” तिनं विचारलं. “झाला.” “मग आता तू जायची न्हाईस?” “न्हाई.” तिनं दोन्ही हातांनी माझ्या कमरेला मिठी मारली आणि मला वाटलं, झालं ते बरंच झालं. खरंच वाटलं तसं. चूल पेटवायला बसेपर्यंत टिकलंसुद्धा.

आत्याबाई शेजारी येऊन बसल्या. मी खाली मान घालून म्हटलं, “हात सुधारलाय त्यांचा.”

“म्हाईत हाय मला.”

मी वर बघितलं.

“दिवाळीला शालनीला डाव्या हातावर उचलून कंदील लावून घेतला न्हवं त्यानं. मला काय डोळं न्हाईत?” त्यांनी फुंकणी उचलली, जाळ सारखा केला. म्हणजे त्यांना ठाऊक, यांना ठाऊक, सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी, आणि मीच तेवढी शहाणी निघाले.

“मग तुम्ही बोलला का न्हाईसा, आत्याबाई? बोल तर तुम्हीच घेतला हुता.”

“बोल घेतला तवा मला काय म्हाईत, तुमचं असं जमंल म्हणून.” त्या जाळाकडं बघत होत्या. “तुझा सासरा बत्तीस वर्सं हुता. एका घरात. कवा शेजारी बसून चार शब्द बोललो न्हाई आमी. तो गेला तवा मला आठवाय काय न्हवतंच. तू दारावरनं जाताना मी तुझं त्वांड बघत हुतो. म्हटलं, ऱ्हाऊ दे. पोरगी माझ्याजवळ ऱ्हातीया खुशाल, रडती ती वेशीपतोर गाडी जाईस्तवर.”

मी भाकरीचं पीठ पुढं ओढलं.

“तो आला की जा परत,” आत्याबाई म्हणाल्या. “आता माझा बोल बी सुटला आन् तुझा बी.”

“कुठल्या तोंडानं जाऊ? त्यांनी थांब म्हणून सांगितलं आन् मी एसटीत बसलो. त्यांनी बोलावलं तर जाईन.”

“बोलवंल की.”

“बोलावलं तर,” मी म्हटलं.

नऊ दिवस वाट बघितली. शिमग्यात खाली कोकणात हमाल मिळत नाहीत, गाडी तिकडंच अडकली होती. रस्त्यावरनं ट्रक गेला की कान तिकडं. दुरूनच कळायचं, आपला नव्हे. कुणी चढावर गियर उशिरा बदलला की हातातली लाटणी-पातेली तशीच राहायची आणि मी मनात म्हणायचे, गाढवा, आधी बदलायचा. शिमग्याची पोळी झाली, त्यांच्या वाटणीची झाकून ठेवली. दहाव्या दिवशी संध्याकाळी आमची गाडी आली. मनगटाला पट्टा नव्हता. डाव्या हातानं त्यांनी चिऱ्याचे दोन दगड उतरवून अंगणात ठेवले, न्हाणीसाठी आणलेले, कुणी मागितले नव्हते.

जेवायला बसले. दीर होते, आत्याबाई होत्या, शालन त्यांच्या मांडीवर. मी वाढत होते. भाकरीचा तुकडा मोडत हे म्हणाले, “मालक क्लीनर देतोय. उद्या कारखान्यावर येणार हाय. बरा हाय म्हणत्यात.” मग ताटात बघत, “घेऊ का?”

विचारलं ते कुणालाच नाही. पण दीर जेवत होते आणि आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या, म्हणजे विचारलं ते मलाच.

नका घेऊ, मी येते. तीन-चार शब्द. नुसतं “नको” म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या मनानं घेतलेलं, असं आडून नव्हे, सरळ बोलवावं. मला म्हणावं, चल हौसा. मी आमटीची पळी ताटात उलटी केली आणि म्हटलं, “तुमचं तुम्ही बघा.”

“बरं,” हे म्हणाले.

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला नाही एवढंच.

सकाळी उजाडता उजाडता मी पिशवी भरली. दोन लुगडी, भाकऱ्या, चटणी. चपला घातल्या आणि दारामागं उभी राहिले. आता म्हणतील, निघताना म्हणतील. दाराच्या फटीतनं गाडी दिसत होती. यांनी इंजिन सुरू केलं, तापायला ठेवलं आणि टॉमी घेऊन खाली उतरले. टॉमी म्हणजे लोखंडी पहार. निघण्याआधी ती प्रत्येक चाकावर मारून बघायची, आवाजावरून कळतं हवा आहे का नाही. सहा चाकं. ठप, ठप करत त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि दारासमोर येऊन थांबले. मी पिशवी उचलली.

मग त्यांनी परत पहिल्या चाकापासून सुरुवात केली.

“जा की गं,” आत्याबाई मागनं हळूच म्हणाल्या.

“हाक मारू दे त्यांनी.”

दुसरी फेरी संपली. परत ते दारासमोर उभे. घामेजलेला हात धोतराला पुसला. दाराकडं बघितलं. मी फटीच्या आत दोन हातांवर होते. शालन झोपेतनं उठून आली, डोळे चोळत म्हणाली, “आई, तू चपला घालून का उभी हायस?” मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

त्यांनी तिसऱ्यांदा चाकं वाजवली. यावेळी सावकाश, एकेका चाकाशी वाकून. मग टॉमी आत टाकली, वर चढले, दार लावलं. पहिला गियर. थोडं पुढं दुसरा, मग तिसरा. देवळाजवळच्या चढावर तिसऱ्याचा दुसरा केला, आवाजसुद्धा झाला नाही.

त्याच दिवशी कारखान्यावर क्लीनर गाडीत चढला. कोवाडचा कुणीतरी, चांगला होता, अकरा वर्षं टिकला. यांनी पुढं आणखी सतरा वर्षं गाडी चालवली. आम्हाला मुलगा झाला, शालन शिकली, मास्तरीण झाली, आत्याबाई गेल्या. संसार काही वाईट झाला नाही. पुढं लांबच्या फेऱ्या लागल्या, हे पंधरा दिवसांनी यायचे, मी वाढायचे, मीठ घालू का विचारायचे. त्या पाच महिन्यांबद्दल आम्ही दोघांनी कधी एक शब्द काढला नाही. तीन वर्षांपूर्वी तेही गेले.

शालन म्हणते, आई, बाबा त्या दिवशी तुझी वाट बघत होते हे तुला कधी कळलं? मी म्हणते, कळलं गं, पुष्कळ वर्षांनी. पोरीला काय सांगायचं. सहा चाकांची हवा कुणी तीन-तीन वेळा बघत नाही. ड्रायव्हरची बायको होते मी, आणि पाच महिने अर्धी ड्रायव्हर. दुसऱ्या फेरीचं पहिलं चाक वाजलं, तेव्हाच मला कळलं होतं.